ढिलं घर

तिचं तोंड हलत होतं आणि डबा बंद होता. बालवाडीच्या वर्गाच्या दाराला वरच्या निम्म्या भागात काच होती, तिच्यातून त्याने हे पाहिलं. खरं तर ही त्याची यायची वेळच नव्हे. तो चष्म्याच्या दुकानातला कारागीर. सकाळी साडेअकराला त्याने टेबलाशी वाकून कुणाच्या तरी फ्रेममध्ये काच बसवत असायला हवं होतं. पण आदल्या दिवशी बालवाडीच्या बाईंच्या चष्म्याची काडी निखळली होती, चष्मा दुरुस्तीला दुकानात आला होता, आणि बाई चष्म्याशिवाय डोळे बारीक करून मुलांना शिकवताहेत ह्या कल्पनेनेच त्याला चैन पडेना. म्हणून मालकाच्या कपाळावरच्या आठ्यांकडे पाठ फिरवून तो दुरुस्त झालेला चष्मा पोचवायला स्वतः आला होता. आत डबा खायची सुट्टी होती. बुटक्या टेबलांभोवती पंधरा-सोळा मुलं, नुसता कालवा. आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यात मुंगी, त्याची साडेचार वर्षांची मुलगी. तिच्यासमोर तिचा नवा निळा डबा, दोन्ही बाजूंच्या क्लिपा घट्ट लावलेला, सकाळी तिच्या आईने लावला होता अगदी तसाच. मुंगीचे दोन्ही हात मांडीवर होते. आणि ती चावत होती. आईने शिकवलंय तसं, सावकाश, तोंड मिटून. मध्येच तिने गिळल्यासारखं केलं. शेजारच्या मुलाने तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती जरा भराभर चावायला लागली, आणि मग तिने रुमालाने ओठ पुसले.

तो आत गेला नाही. का गेला नाही, हे त्याने पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं आणि दर वेळी वेगळं उत्तर दिलं. त्या क्षणी त्याच्या मनात जो पहिला विचार आला तो बापाचा नव्हताच, कारागिराचा होता: ह्या डब्याच्या क्लिपा आपण अजून घासल्या नाहीत. आधी हे आलं, आणि त्याच्या मागून, वरातीमागून घोडं यावं तसं, दुःख आलं. जुना डबा तडकला म्हणून नवा आणला तो सोमवारी. आज गुरुवार. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी डबा भरलेला परत आला होता, आणि विचारलं तर मुंगीचं उत्तर एकच, ‘नको होतं.’ आईने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, जीभ बाहेर काढायला लावून पाहिली, भुकेचं औषध सुरू केलं. संध्याकाळी ही पोर बिस्किटांवर तुटून पडायची, तेव्हा दोघं एकमेकांकडे पाहून हसायचे, औषध लागू पडलं म्हणून. चार दिवस त्याची मुलगी चाळीस मिनिटं हवा चावत बसली होती, आणि कुणाच्या लक्षात येऊ नये इतकी ती काळजी घेत होती. काचेवर त्याच्या श्वासाचा डाग धरला. तो त्याने बाहीने पुसला, सवयीने, गोल गोल.

दोन वर्षं तो घर ढिलं करत आला होता. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ह्या शब्दांत ते त्यालाही ठाऊक नव्हतं. सुरुवात एका स्वेटरच्या चेनपासून झाली होती. मुंगी तेव्हा अडीच वर्षांची. चेन अडकली, तिने ओढली, पुन्हा ओढली, तोंड लालबुंद झालं, आणि मग तिच्या चेहऱ्यावर ते आलं, ज्याला त्याच्याकडे नाव नव्हतं. रडू नव्हे. रडण्याच्या आधी माणूस एकदा इकडेतिकडे बघतो ना, कुणी आहे का म्हणून, ते. त्याला ते पाहवलं नाही. कुणाचाही हात अडखळलेला त्याला पाहवत नसे. दुकानात एखादे म्हातारे गृहस्थ चष्म्याचं घर उघडायला झटायला लागले की ह्याचा हात पुढे झालाच म्हणून समजा. मालक म्हणे, अरे, त्यांचा चष्मा आहे, त्यांना उघडू दे की. पण ते व्हायचं नाही. त्या रविवारी दुपारी मायलेकी झोपल्या असताना त्याने चेनीला मेण लावलं. पुढच्या रविवारी फ्रॉकची काजं दोन दोन धागे उसवून रुंद केली आणि कडा पुन्हा शिवून टाकल्या, अशा की शिंप्यालाही कळू नये. मग काय, हाताला चटकच लागली. कपड्यांच्या चिमट्यांच्या स्प्रिंगा वाकवून नरम केल्या. टूथपेस्टच्या झाकणाचे आटे घासले. डब्याच्या क्लिपा कानशीने इतक्या उतरवल्या की फुंकर मारली तरी उघडाव्यात. लाकडी कोड्याच्या तुकड्यांच्या कडा पॉलिशपेपरने अशा गोल केल्या की कुठलाही तुकडा कुठेही जवळपास ठेवला की बसलाच. घरातली एकूण एक वस्तू त्या पोरीपुढे अदबीने वागायला लागली. आणि तिची आई शेजारीपाजारी कौतुकाने सांगायची, आमची मुंगी कुणाला हात लावू देत नाही, सगळं स्वतःचं स्वतः करते. हा तेव्हा खाली मान घालून हसायचा. ते हसू त्याला आत्ता, काचेशी उभं राहून, तोंडात कडू लागलं.

सुट्टी संपल्यावर बाई बाहेर आल्या, चष्मा घातला, जग सरळ झालं म्हणाल्या, आणि मग त्याचा चेहरा पाहून काय झालं, असं विचारू लागल्या. त्याने डब्याचं सांगितलं. बाईंनी तोंडावर हात ठेवला. ज्यांना उघडत नाही त्यांचे डबे मदतनीस मावशी उघडून देतात, त्या म्हणाल्या, फक्त मुलांनी मागायला हवं. मुंगीने कधी मागितलंच नाही, आम्हाला वाटायचं तिचं आटपलं. त्यांना फार वाईट वाटलं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. मग त्या म्हणाल्या की तशीही त्या त्याला बोलावणारच होत्या. मुंगी खडू मुठीत धरते, काठी धरावी तसा. कात्री तिच्या बोटांतून गळून पडते. मणी ओवायला दिले तर दोऱ्याकडे बघत बसते. बुद्धीने चलाख आहे, गोष्ट एकदा ऐकली की पाठ. पण बोटांत जोर नाही. दोन महिन्यांनी ही मुलं वरच्या वर्गात जातील, तिथे लिहायला लागतं, आणि आत्ता आहे तशी ती तिथे फार मागे पडेल. “मला तिला एक वर्ष इथेच ठेवावं लागेल असं दिसतंय. पण दोन महिने आहेत. घरात सगळं तुम्हीच करून देता का हो तिला?”

“नाही हो,” तो म्हणाला. “ती सगळं स्वतः करते.”

हे खरं होतं, आणि इतकं खोटं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. बाईंनी मग एका कागदावर त्यांच्या गोल गोल अक्षरात लिहून दिलं आणि लिहिता लिहिता सांगतही होत्या. काही विकत आणायला नको. कणकेचा गोळा द्या तिंबायला. जुनं वर्तमानपत्र द्या फाडायला, आधी मोठे तुकडे, मग बारीक. भिजलेला स्पंज एका भांड्यातून दुसऱ्यात पिळू द्या. वाटाणे बोटांच्या चिमटीने एकेक उचलून बाटलीत टाकायचे, चिमटे दोरीला लावायचे, रिकाम्या रिळांची माळ करायची. आणि मुख्य म्हणजे घाई करायची नाही, तिची नाही आणि आपलीही नाही. त्याने कागदाची घडी केली, खिशात ठेवली, आणि त्याच्या लक्षात आलं की घडीच्या कडा तो नखाने पुन्हा पुन्हा दाबत होता.

त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मुंगीला घेऊन निघाला. रस्त्याच्या कडेला झाडाखाली एक बाक होता, तिथे दोघं बसली. दुपारची रहदारी संथ होती. समोरच्या इमारतीत कुणी तरी गॅलरी धूत होतं आणि पाणी पन्हाळीतून थेंब थेंब फुटपाथवर पडत होतं. त्याने जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं, डबा का नाही उघडलास. मुंगीने विचार केला. ती नेहमीच आधी विचार करायची, मग बोलायची. त्यामुळे लोकांना ती मोठी वाटे.

“त्याला उघडायचं नव्हतं, बाबा,” ती म्हणाली.

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. चार दिवस तिने त्या डब्याच्या मनाचा मान राखला होता. तिच्या जगात प्रत्येक वस्तू हात लावताच उघडत आली होती, तेव्हा जी उघडत नाही तिची तशी इच्छाच नसणार, हे उघड होतं. जोर लावायचा असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मागायचं असतं हेही नाही. मागायची वेळच घरात कधी आली नव्हती. त्याने क्लिपा चुटकीसरशी उघडल्या, आणि उघडल्यावर त्याला कळलं की आत्तासुद्धा आपणच उघडल्या. मुंगीने ब्रेडचे तुकडे खाल्ले, सफरचंदाच्या काळ्या पडलेल्या फोडी खाल्ल्या, डब्याच्या कोपऱ्यातले कण बोटाला चिकटवून खाल्ले. तो तिच्या बोटाकडे बघत राहिला. ती आठव्या महिन्यातच जन्मली होती. काचेच्या पेटीत ठेवलेलं ते लाल, सुरकुतलेलं गाठोडं पहिल्यांदा पाहताना त्याला वाटलं होतं की हिची नखं फ्रेमच्या बिजागरीत बसतात त्या स्क्रूएवढी आहेत. आणि तो स्क्रू चिमट्यातून निसटला तर अख्खं दुकान झाडलं तरी सापडत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तिथल्या परिचारिकेनेच तिला मुंगी म्हटलं, आणि ते चिकटलं. पेटीला हात घालायला गोल भोकं होती. त्यातून त्याने एक बोट आत घातलं, आणि त्या बोटाला तिने धरलं. धरलं म्हणजे काय, नुसता स्पर्श केला, तोही सगळं बळ एकवटून, पण त्याने तेव्हाच काही तरी कबूल करून टाकलं होतं. तिला पुन्हा कधी कशाला इतक्या जोराने धरावं लागू नये, असं काहीसं. माणूस अशा वेळी काय काय कबूल करतो, आणि ते निस्तरायला पुढे किती वर्षं लागतात.

संध्याकाळी बायको कामावरून आली तेव्हा त्याने सगळं सांगितलं, चेनीपासून. ती एका कंपनीच्या तक्रार कक्षात फोनवर बसे. दिवसाचे आठ तास लोकांची बिघडलेली यंत्रं आणि बिघडलेली डोकी ऐकायची आणि ‘तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो’ म्हणायचं. त्यामुळे घरी ती ओरडत नसे. ती जितकी चिडायची तितकी सभ्य होत जायची, आणि त्या सभ्यपणाला तो जाम टरकून असे. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने ऐकून घेतलं. मध्येच मुंगीचा एक फ्रॉक उचलला, काजात बोट घातलं, बोट आरपार गेलं, आणि तिने तो फ्रॉक बाजूला ठेवला. फारच सुबक काम आहे, ती म्हणाली.  मग म्हणाली, मी त्या पोरीला भुकेचं औषध पाजत होते. हे म्हणताना तिचा सभ्यपणा गळून पडला, आणि तो तिच्याजवळ जाऊन बसला, पण काय करावं ते न कळून त्यानेही कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

“तू तिला मदत नाही केलीस,” ती म्हणाली. “तू सगळं घर ढिलं करून ठेवलंस. आता घट्ट कर.”

त्या रविवारी त्याने ते केलं. ह्या वेळी लपून नाही, पण मुंगी झोपली असतानाच, कारण दुसरी वेळ त्याला सुचली नाही. काजं पुन्हा शिवली, चिमट्यांच्या स्प्रिंगा पूर्ववत केल्या, झाकणं बदलली, जुनं कोडं काढून टाकून नवं आणलं. हात सफाईने चालत होते आणि त्याला स्वतःच्या हातांचा राग येत होता. चार वाजता मुंगी उठली आणि आतल्या खोलीत खेळायला गेली. थोड्या वेळाने ती दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात एक चिमटा होता.

“बाबा, आज सगळे रुसलेत का?”

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दाराशीच थांबली. हे ह्याने निस्तरायचं होतं. तो जमिनीवर बसला, म्हणजे दोघांची तोंडं एका उंचीवर आली. खोटं बोलणं सोपं होतं. चार-पाच छान खोटी उत्तरं त्याच्या जिभेवर आलीही. त्याने सांगितलं की कुणी रुसलेलं नाही, ह्या वस्तू मुळात अशाच असतात, त्यानेच त्यांना ढिलं केलं होतं आणि आता परत होत्या तशा केल्या. मुंगीने चिमट्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा चिमट्याकडे.

“मला न विचारता?” ती म्हणाली.

 तुला त्रास होऊ नये म्हणून, हे वाक्य तयार होतं, पण काचेतून दिसलेलं ते हलणारं तोंड त्याच्या आड आलं. तो ‘हो’ म्हणाला. मुंगी वळून आत गेली, आणि त्या दिवशी तिने त्याच्याकडून झोपायच्या वेळची गोष्ट ऐकली नाही, आईकडून ऐकली.

मग ते दोन महिने सुरू झाले. संध्याकाळी सहा ते सात, स्वयंपाकघराची जमीन, बाईंचा कागद भिंतीला चिकटवलेला. पहिल्या आठवड्यात मुंगी कणकेच्या गोळ्यात फक्त बोटं खुपसून बसायची. स्पंज पिळायची म्हणजे त्याला थोपटायची. वाटाणे उचलताना तिची बोटं एकमेकांशी भांडत. अंगठा इकडे, तर्जनी तिकडे, वाटाणा मधून पळालेला. ते वाटाणे घरभर होत आणि बायको सकाळी कामाला निघताना बुटात वाटाणा सापडला की फक्त ‘तक्रार नोंदवते’ एवढंच म्हणे. मुंगी रडली, चिडली, एकदा तिने रिळं खिडकीतून फेकली आणि खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी ती आणून देताना शिस्तीवर व्याख्यान दिलं. पण शिकाऊ दोघं होती, आणि त्यांतला जास्त मठ्ठ कोण होता हे सांगायला नको. त्याला नुसतं बसायचं होतं. हात न लावता, न सुचवता, श्वाससुद्धा न सोडता, कारण त्याचा उसासा ऐकला की मुंगी हातातलं खाली ठेवायची. दुकानात केसाच्या जाडीचा स्क्रू बसवणारा हा माणूस, पण स्वतःचे हात मांडीवर दहा मिनिटं ठेवणं त्याला साधेना. ते आपोआप उठत. तिचा अंगठा घसरला की ह्याचा अंगठा दाबला जाई. एकदा तर ती रिळात दोरा घालत असताना ह्याने तोंडाचा चंबू केला, दोरा ओला करायला, आणि बायको दारात उभी राहून हसत सुटली. शेवटी त्याने हाताची घडी घातली आणि दोन्ही पंजे काखेत घट्ट दाबून धरले. तसं बसलं की जमायचं.

अशाच एका संध्याकाळी, मुंगी दोऱ्याचं टोक रिळाच्या भोकाशी नेऊन पुन्हा पुन्हा चुकत असताना, त्याला आपला बाप समोर बसलेला दिसला. बाप पुस्तकबांधणीचं काम करायचा. खोलीत सरसाचा वास, कागदाच्या चळती, आणि सहा वर्षांचा हा, सुईत दोरा ओवायला बसवलेला. बाप समोर, हाताची घडी घालून, ओठ मिटून. तासभर. सुई बोटात गेली, रक्ताचा ठिपका कागदावर पडला, तरी बाप हलला नाही. आतून आई म्हणाली, अहो, द्या ना ओवून त्याला. बाप म्हणाला, ‘ओवेल.’ एवढंच. ती संध्याकाळ त्याने तीस वर्षं उराशी जपून ठेवली होती. माणूस दगडाचा असतो म्हणजे कसा, हे कुणी विचारलं असतं तर त्याने तीच काढून दाखवली असती. आपल्या मुलीला कधी असं एकटं टाकायचं नाही, हे त्या काचेच्या पेटीशी ठरलं होतं असं त्याला वाटत आलं होतं. ते त्याच्या कितीतरी आधी, त्या सरसाच्या वासात ठरलं होतं. पण आता, स्वतःचे पंजे काखेत दाबून बसला असताना, त्याला त्या आठवणीतलं एक असं दिसलं जे इतकी वर्षं समोर असून दिसलं नव्हतं. बापाच्या हाताची घडी सैल नव्हती. पंजे काखेत खोल गेले होते, खांदे वर आले होते, कडाक्याच्या थंडीत माणूस बसतो तसा तो बसला होता. आणि ते थंडीचे दिवस नव्हते. आई पंखा मागत होती, हे त्याला स्पष्ट आठवत होतं. म्हणजे बाप अगदी साधुसंत होता अशातला भाग नाही. चिडला की पट्टी फेकून मारायचा, आणि तो पट्टीचा वळ काही ह्या एका आठवणीने पुसला जाणार नव्हता. पण त्या एका तासापुरता तो दगड नव्हता. दगडाला कुठे स्वतःचे हात धरून ठेवावे लागतात. मुंगीला उसासा ऐकू जाऊ नये म्हणून तो उठून पाणी प्यायला गेला. परत आला तेव्हा दोरा रिळातून पलीकडे गेला होता, आणि मुंगी त्या टोकाकडे, ते तिसऱ्याच कुणी तरी केलं असावं अशा आश्चर्याने, बघत होती.

तरी जित्याची खोड ती. सहाव्या आठवड्यात मुंगीला सर्दी झाली होती, डोळे लाल, नाक वाहतंय, आणि तिने हट्टाने चिमटे मागितले. दोरीला बारा चिमटे लावायचे असा तिचा पण होता. सात लावले. आठवा उघडेना, दोन्ही हातांनी दाबला, गुडघ्यात धरून दाबला, मग खाली ठेवून ती नाक पुसायला आईकडे गेली. तेवढ्यात त्याच्या बोटांनी काम साधलं. त्याला खरंच कळलंही नाही. चिमटा उचलला, स्प्रिंगेला एक हलकासा पीळ दिला, परत होता तसा ठेवला. एक श्वासभर वेळ. मुंगी आली, बसली, तिने आठवा चिमटा उचलला आणि तो लगेच उघडला. ती थांबली. तिने तो मिटला, पुन्हा उघडला. मग नववा घेऊन दाबून पाहिला, आणि पुन्हा आठवा. तिचा अंगठा आणि तर्जनी त्या दोन चिमट्यांना ज्या बारकाईने तोलत होती, ती त्याच्या ओळखीची होती. अशी बोटं त्याने दुकानात नव्या कारागिरांमध्ये शोधली होती आणि क्वचितच सापडली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं. रागावली नव्हती, दमलेल्या माणसासारखी होती.

“हा तू केलास. हा खोटा आहे,” ती म्हणाली आणि तो चिमटा तिने त्याच्या हातावर ठेवला. “हा तू ठेव.”

मग तिने नववा घेतला. तो लागायला पाच मिनिटं लागली. दहावा, अकरावा लागला. बारावा लागला नाही, पण तिने तो उद्यासाठी उशीखाली ठेवला. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा मोठं आणखी काही तरी वाटलं, ज्याला आनंद म्हणायची त्याची छाती झाली नाही. तिला आता फसवता येणार नव्हतं. जगातल्या वस्तू खऱ्या किती आणि कुणी तिच्यासाठी आधीच सोप्या करून ठेवलेल्या किती, हे तिच्या बोटांना कळू लागलं होतं.

बाई मुंगीची पाहणी करणार होत्या तो दिवस उजाडला. वेळ नऊची. त्यानंतर बाईंना वरच्या वर्गाची यादी पाठवायची होती, तेव्हा उशीर करू नका, असं त्यांनी मुद्दाम बजावलं होतं. बायको सकाळच्या पाळीला निघून गेली होती. जाताना तिने मुंगीचे दोन्ही पंजे उघडून त्यांत ओठ टेकले होते. चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या दाराबाहेर, जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, मुंगी बसली होती. पायांत नवे बूट, पट्ट्याचे, पट्ट्याला खरं बक्कल. एक लागलं होतं. दुसऱ्याचा पट्टा बक्कलातून पलीकडे येई, पण पिन भोकात जाईना. पावणेनऊ झाले होते. जिन्यात सकाळची गर्दी. कुणी दूध घेऊन वर, कुणी कामाला खाली. तो तिच्या खालच्या तिसऱ्या पायरीवर भिंतीला पाठ लावून उभा, पंजे काखेत. तो घड्याळ बघत नव्हता. पण पट्टा सुटला की त्याचे खांदे वर येत, हे त्याला स्वतःला कळत होतं. आठ मिनिटं गेली. बालवाडी चालत दहा मिनिटांवर. एक वर्ष, त्याच्या डोक्यात फिरत होतं, एका बक्कलापायी एक वर्ष. फक्त दोन बोटं पुढे केली असती तर काम झालं असतं. ही बोटं त्यासाठीच तर होती, ह्यांना दुसरं येत काय होतं. मुंगीने वर पाहिलं नाही.

“बाबा, तू पुढे जा,” ती म्हणाली.

त्याने सांगितलं की तो थांबतो, त्याला घाई नाही. ती थोडा वेळ पट्ट्याकडे बघत राहिली. विचार करत होती.

“तू बघतोस तेव्हा माझी बोटं तुझी वाट बघतात,” ती म्हणाली.

तो जिना उतरायला लागला. वळणावर, तिला दिसणार नाही अशा जागी, तो थांबला आणि भिंतीला टेकला. वरून पट्ट्याचा कातडी आवाज येत होता, बक्कलाचा बारीक टणत्कार, मग शांतता, मग पुन्हा तोच आवाज. त्याने श्वास रोखून धरला.

“अजून खाली,” वरून मुंगी म्हणाली. “मला तू ऐकू येतोस.”

तो आणखी एक मजला उतरला. मग, कुणी सांगितलं नसताना, आणखी एक. तिथून वरचं काहीच ऐकू येत नव्हतं.